दांडी छाटलेली बेचकी

आमच्या ग्रामीण रुग्णालयात कुत्रा चावलेला माणूस आला नाही, असा दिवस विरळाच. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गालगतची केळीची आणि कापसाची गावे, उत्तरेला सातपुड्यातले पाडे आणि प्रत्येक मळ्यावर राखणीला ठेवलेली एकदोन कुत्री यांमुळे श्वानदंशाची नोंदवही आमच्याकडे सर्वांत लवकर भरते. बहुतेक चावे पोटरीला किंवा हाताला झालेले असतात. जखम धुणे, धनुर्वाताचे इंजेक्शन, रेबीजची लस आणि पुढच्या तारखांचे कार्ड एवढे झाले की रुग्ण घरी जातो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मात्र एकाच गावातली माणसे एका पिकअपमध्ये भरून आली आणि सगळ्यांना एकाच कुत्र्याने चावे घेतले होते. सणाला माहेरी आलेल्या मुली आणि त्यांची लेकरे सकाळी लिंबाखाली झोका बांधत असताना ते कुत्रे वाटेत येईल त्याला चावत गेले होते. लाळ गळत होती, आवाज घोगरा झाला होता, कोणी डिवचले नसताना ते अंगावर येत होते. ही वर्णने ऐकल्यावर ते पिसाळलेले आहे असे धरूनच चालावे लागते. गावकऱ्यांनी ते मारून पुरूनही टाकले होते, त्यामुळे त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

बाहेर पारा ४४ अंशांकडे चालला होता आणि वीज गेलेली होती. लसीच्या आयएलआर फ्रिजला बर्फाचे अस्तर असते, त्यामुळे काही तासांची काळजी नव्हती. तरीही सिस्टरांनी थर्मामीटर पाहून तापमान २ ते ८ अंशांच्या आत असल्याचे मला सांगितले आणि मगच झाकण उघडले.

आलेल्यांपैकी सर्वांत गंभीर होता सहा वर्षांचा एक मुलगा. वरचा ओठ फाटलेला, गालावर दातांच्या दोन खोल खुणा, डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीपाशी एक चीर, आणि तोंड झाकायला वर केलेल्या उजव्या हाताची दोन बोटे चावलेली. गालावरच्या जखमेत कोणीतरी तिखट भरले होते. हा उपाय अजूनही गावोगाव चालतो आणि त्यामागे वाईट हेतू कधीच नसतो. पण त्याने जखमेतल्या पेशी चिडतात, मरतात, आणि जखम धुताना मूल किंचाळते ते वेगळेच. आम्ही त्याला नळाखाली धरले. साबण आणि वाहते पाणी, पूर्ण पंधरा मिनिटे, घड्याळ लावून. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचे पातळ आवरण असते आणि साबणाने ते विरघळते, म्हणून हे धुणे उपचाराची पूर्वतयारी नसून उपचारच आहे. ब्रदर मुलाला धरून होते, मामा पाणी ओतत होता, आई ओसरीवर बसून रडत होती आणि आजी माझ्या मागे उभी राहून विचारत होती, ‘डॉक्टरसाहेब, मना नातूले आते पोटमा चौदा सुया टोचतीन का?’

आजींच्या पिढीच्या मनातून ती चौदा इंजेक्शने जाणार नाहीत. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली, डेव्हिड सेंपल यांनी कसौलीला विकसित केलेली ती लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची लस पेशींच्या संवर्धनावर वाढवलेल्या विषाणूपासून करतात आणि ती दंडावर, कातडीच्या थरात, दोन्ही बाजूंना ०.१ मिलिलिटर एवढीच द्यावी लागते. पहिल्या दिवशी, आणि तो दिवस शून्य धरून मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. हे ऐकून आजींचा जीव भांड्यात पडला. माझा पडला नव्हता, कारण या मुलाच्या बाबतीत खरे काम लस करणार नव्हती.

लस शरीराला शिकवते, आणि शिकायला वेळ लागतो. कधीही लस न घेतलेल्या माणसाच्या रक्तात पुरेशा अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला पकडणारी प्रथिने, दिसू लागायला साधारण सात ते चौदा दिवस जातात. पायाला चावा असेल तर विषाणूला मज्जातंतूंमधून मेंदूपर्यंतचा प्रवास लांबचा असतो. ओठ, पापणी आणि बोटांची टोके यांच्यात मात्र मज्जातंतूंची टोके खच्चून भरलेली असतात आणि चेहऱ्यापासून मेंदूचे अंतर अगदीच कमी असते. विषाणू एकदा तंतूच्या आत शिरला की रक्तातल्या कोणत्याही अँटीबॉडीचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून या मधल्या दिवसांसाठी दुसऱ्या कोणाच्या तरी शरीराने तयार केलेली अँटीबॉडी उसनी आणून थेट जखमेत सोडायची असते. तिलाच आम्ही बोलीत सिरम म्हणतो. आमच्याकडे घोड्यापासून केलेले सिरम होते.

मुलाचे वजन सोळा किलो भरले. घोड्याच्या सिरमची मात्रा किलोमागे ४० युनिट, म्हणजे ६४० युनिट. एका मिलिलिटरला ३०० युनिट असल्याने हे औषध दोन मिलिलिटरहून थोडेसेच जास्त होत होते. जखमा मात्र पाच ठिकाणी होत्या, आणि त्यांतल्या प्रत्येकीच्या कडेत आणि तळाशी औषध उतरणे आवश्यक होते. एखादी जखम कोरडी राहिली तर बाकीच्या चार भिजवून उपयोग नसतो. मुलाच्या आईने मध्येच विचारले, ‘थोडं जास्ती दिधं तं चालाव नही का?’ तिचा प्रश्न रास्त होता. परंतु मात्रेहून जास्त सिरम दिले तर ते लसीने जागी होऊ पाहणाऱ्या मुलाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला काही अंशी दाबून टाकू शकते. त्यामुळे युनिट वाढवायचे नाहीत, पाणी वाढवायचे. सलाईन मिसळून आम्ही ते सहा मिलिलिटरपर्यंत नेले.

पापणीपाशी इन्सुलिनची बारीक सुई घेतली, टोक डोळ्याच्या खोबणीकडे रोखले जाणार नाही अशा बेताने आडवी घातली आणि चिरेच्या दोन्ही कडांना थेंबाथेंबाने औषध सोडले. त्वचा फुगून पांढुरकी दिसू लागली की थांबायचे, बाहेर काढायचे, पुढे सरकायचे. बोटांचे काम त्याहून अवघड. बोटाच्या टोकात जागाच नसते. तिथे जोर करून औषध भरले तर आतला दाब वाढून रक्तपुरवठा तुटतो. प्रत्येक वेळी थोडे दिले, नखाचा रंग पाहिला, तो परत गुलाबी झाल्यावर आणखी थोडे दिले. ओठाला टाके घालण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरला होता, पण सिरम उतरल्याशिवाय सुई-दोरा जखमेत घालायचा नाही आणि नंतरही गरज असेल तरच, सैलसर. टाक्याची सुई विषाणूला आणखी खोल घेऊन जाऊ शकते. शेजारच्या ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनालिन भरून ठेवले होते, कारण घोड्याच्या प्रथिनाने एखाद्याला तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. तसे काही झाले नाही. मूल रडून रडून थकले आणि मामाच्या खांद्यावर झोपले.

हा मामा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्र शिकत होता. भाच्याला धरून असताना त्याने एक शब्द काढला नव्हता. आता मात्र तो रिकामी कुपी हातात घेऊन लेबल वाचू लागला आणि त्याने विचारले, ‘सर, हे प्रोटीन आता कुठे जाणार? आमच्या पेशी ते आत घेतात, की ते बाहेरच विषाणूला पकडून ठेवतं?’

आमच्या धंद्यात हा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्ही स्वतःही क्वचितच विचारतो. मात्रा, जागा आणि तारीख पाठ असली की काम भागते. पुढचे रुग्ण लस टोचून घेत होते, मला दहा मिनिटे होती. मी केसपेपर उलटा केला आणि चित्र काढू लागलो.

अँटीबॉडीचा आकार बेचकीसारखा असतो. आमच्याकडची पोरे या दिवसांत कैऱ्या पाडायला घेऊन फिरतात तशी बेचकी: वर दोन फांद्या, खाली धरायची दांडी. फांद्यांची टोके विषाणूला ओळखतात. रेबीजच्या विषाणूच्या पृष्ठभागावर जी नावाच्या ग्लायकोप्रोटीनचे काटे असतात आणि त्या काट्यांनीच तो मज्जातंतूच्या टोकाला चिकटतो. फांद्यांनी ते काटे झाकले की त्याला चिकटता येत नाही. एवढे काम पेशीच्या बाहेर होते, कोणी काही गिळावे लागत नाही, आणि भाच्याच्या ओठात आत्ता हेच चालू आहे, असे मी मामाला सांगितले.

पण झाकलेला विषाणू तिथे पडून राहत नाही. त्याला उचलणारे वेगळे असतात, आणि ते धरतात दांडीला. जखमेत धावून येणाऱ्या भक्षकपेशींच्या, म्हणजे मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावर या दांडीसाठीच बनलेले ग्राही रेणू असतात; त्यांना एफसी रिसेप्टर म्हणतात. एकट्यादुकट्या दांडीने पेशी हलत नाही, नाहीतर रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या कोट्यवधी अँटीबॉडींमुळे ती सदासर्वदा गिळतच बसली असती. एकाच विषाणूला अनेक बेचक्या चिकटलेल्या असल्या आणि त्यांच्या दांड्या जवळजवळ, एका ओळीत बाहेर आलेल्या असल्या, की पेशीचे ग्राही रेणू एकत्र ओढले जातात आणि तोच गिळण्याचा इशारा ठरतो. पेशीचे आवरण त्या गाठोड्याभोवती वर चढते, मिटते, आत ओढले जाते, आणि आत लायसोसोमशी, म्हणजे पेशीतल्या आम्लधर्मी पचनपिशवीशी, जोडले जाऊन विषाणूचे तुकडे होतात. ते तुकडे वाया जात नाहीत. पेशी त्यांतले काही आपल्या पृष्ठभागावर मांडून प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना दाखवते, त्यामुळे उसन्या प्रथिनाने पकडलेला विषाणूही मुलाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला थोडेफार शिकवून जातो.

मला स्वतःला या दांडीचे अप्रूप वेगळ्याच कारणासाठी वाटते. १८८२ मध्ये मेचनिकोव्ह यांनी तारामाशाच्या अळीत काटा टोचून त्याभोवती जमणाऱ्या भक्षकपेशी पाहिल्या आणि संरक्षण पेशी करतात असे म्हटले. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवले की एका प्राण्याचे सिरम दुसऱ्याला दिले तरी रक्षण होते, म्हणजे संरक्षण रक्तातल्या द्रव्यात असते. दोन्ही बाजूंच्या लोकांनी पुढे बरीच वर्षे एकमेकांशी वाद घातला. १९०८ चे नोबेल मेचनिकोव्ह आणि द्रव्याच्या बाजूचे एर्लिख यांना विभागून दिले गेले. खरे तर दोघांचे म्हणणे या दांडीपाशी येऊन जुळते. एका टोकाला द्रव्य विषाणूला धरते, दुसऱ्या टोकाला पेशी द्रव्याला धरते.

मामाने कुपीवरचे लेबल पुन्हा वाचले आणि म्हणाला, ‘पण सर, यावर एफ-एबी-टू लिहिलंय. यात दांडी आहे का?’

नाही, नसते. मला या मुलाचे कौतुक वाटले. आपल्याकडची घोड्याची सिरमे बहुधा पेप्सिनने छाटलेली असतात. पेप्सिन म्हणजे जठरातले पचनाचे विकर. ते दांडी कापून टाकते आणि दोन्ही फांद्या मात्र एकमेकींना जोडलेल्याच ठेवते; त्या जोडीलाच एफ-एबी-टू म्हणतात. १९५९ मध्ये रॉडनी पोर्टर यांनी अँटीबॉडीचे तुकडे करून तिची रचना उलगडायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी पपेन वापरले होते, आणि पपेन म्हणजे पपईच्या चिकातले विकर, जी पपई शहाद्याकडून ट्रक भरभरून बाहेर जाते. पपेन फांद्या सुट्या करते, पेप्सिन करत नाही, एवढाच फरक. पण औषधासाठी तो महत्त्वाचा, कारण जोडलेल्या दोन फांद्यांची पकड सुट्या फांदीपेक्षा घट्ट बसते. दांडी काढायचे कारण असे की घोड्याची दांडी माणसाच्या शरीराला परकी असते आणि प्रतिक्रियांचा बराचसा त्रास तिच्यामुळे होतो.

‘मग गिळणाऱ्या पेशीला धरायला काहीच नाही,’ तो म्हणाला. बरोबर. घोड्याचे छाटलेले सिरम विषाणूला झाकते, पण मॅक्रोफेजच्या एफसी ग्राहींच्या हाती देत नाही. आणि तरीही ते माणसे वाचवते. याचा पुरावा इराणमधला आहे, जरी तिथे वापरलेले सिरम आजच्या इतके शुद्ध नव्हते. १९५४ मध्ये तिथल्या एका गावात पिसाळलेल्या लांडग्याने एका रात्रीत अनेकांना फाडले. पाश्चर इन्स्टिट्यूटच्या तेहरान शाखेतल्या डॉक्टरांनी सर्वांना लस दिली आणि काहींना सोबत सिरम. डोक्याला जखमा झालेल्यांपैकी ज्या पाच जणांना नुसती लस मिळाली त्यांतले तिघे दगावले. लसीबरोबर सिरम मिळालेल्या तेरा जणांपैकी एकच गेला. आज जगभर श्रेणी ३ च्या, म्हणजे कातडी भेदून गेलेल्या चाव्याच्या, जखमेत सिरम भरतात, त्याचे मूळ इथे आहे.

दांडीचे आणखी एक काम मामाला ठाऊक नव्हते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी आणि मॅक्रोफेज रक्तद्रवाचे घुटके सतत घेत असतात, विषाणू असो वा नसो. त्या घुटक्यात आलेली प्रथिने पेशीच्या आत एका छोट्या पिशवीत जातात, पिशवी आम्लधर्मी होते, आणि बहुतेक प्रथिने पुढे तोडली जातात. अँटीबॉडी मात्र वाचते. पिशवीच्या आतल्या बाजूला एक वेगळा ग्राही असतो, एफसीआरएन नावाचा, जो आम्लात दांडीला घट्ट धरतो, तिला परत पेशीच्या पृष्ठभागावर घेऊन येतो आणि रक्ताचा सामू ७.४ लागताच सोडून देतो. असा काही रक्षक असावा हे ब्रॅम्बेल नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकातच तर्काने मांडले होते. त्याच्यामुळे माणसाची आयजीजी या मुख्य प्रकारची अँटीबॉडी रक्तात निम्मी व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात, तर दांडी छाटलेल्या तुकड्यांना हा आधार मिळत नाही आणि ते त्यामानाने फार लवकर शरीराबाहेर जातात. आम्हाला त्याचे फारसे दुःख नसते. हवा असतो तो पहिला आठवडा-दीड आठवडा, आणि तोही प्रामुख्याने जखमेत. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून जखमेत भरून उरलेले सिरम दूर कुठेतरी स्नायूत देण्याचा आग्रह सोडला आहे.

हा ग्राही आणखी एका ठिकाणी असतो, आणि त्याच दुपारी ते सांगण्याची वेळ आली. पिकअपमधून आलेल्या बायकांमध्ये सातव्या महिन्याची एक गर्भवती होती, पिंढरीला चावा झालेली. तिच्या सासूचे म्हणणे होते की पोटात बाळ असताना काही टोचू नये. रेबीजची लस आणि सिरम दोन्ही गरोदरपणात देता येतात, आणि न देणे हाच आई-बाळ दोघांना धोका आहे, हे सासूबाईंना पटवण्यात मघाच्या दांडीची मदत झाली. वारेतल्या पेशी आईच्या अँटीबॉडी दांडीला धरून बाळाच्या रक्तात पोहोचवतात. लसीने आईच्या अंगात जे तयार होईल, त्यातले पुढच्या महिन्यांत बाळालाही मिळेल. सासूबाईंनी चित्र पाहिले नाही, पण बाळालाही मिळणार म्हटल्यावर त्यांनी स्वतःच सुनेची बाही वर केली.

दांडी नेहमी कामाचीच असते असे मात्र नाही, आणि मामाला मी हेही सांगितले, कारण तो परीक्षेत कदाचित नुसते कौतुक लिहील. आमच्याकडे पावसाळ्यानंतर डेंग्यूचे रुग्ण येतात. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराने एकदा आजारी पडलेल्या माणसाच्या अंगात त्या प्रकाराच्या अँटीबॉडी राहतात. पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर त्या नव्या विषाणूला चिकटतात खऱ्या, पण पुरत्या झाकत नाहीत. अशा अर्धवट झाकलेल्या विषाणूला मोनोसाइट नावाच्या रक्तातल्या भक्षकपेशी आणि मॅक्रोफेज दांडीला धरून आत घेतात आणि तो आत मरण्याऐवजी तिथेच वाढतो, कारण डेंग्यूचा विषाणू राहतोच मुळी या पेशींमध्ये. दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू काही वेळा जास्त तीव्र होतो त्याचे हे एक मोठे कारण मानले जाते. गिळणारी पेशी तीच, दांडी तीच. फरक एवढाच की फांद्यांची पकड पुरी होती की अपुरी.

‘आणि पेशीच्या आत शिरल्यावर अँटीबॉडीचं काम संपतं?’ त्याचा शेवटचा प्रश्न. पूर्वी तसेच शिकवत. २०१० मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले की काही विषाणू अँटीबॉडी अंगाला चिकटलेली असतानाच पेशीच्या आत घुसतात आणि तिथे ट्रिम-२१ नावाचे प्रथिन दांडी ओळखून त्या विषाणूला पेशीच्या कचरा-यंत्राकडे, प्रोटिअसोमकडे पाठवते. हा प्रयोग अ‍ॅडेनोव्हायरसवर झाला होता, ज्याला चरबीचे आवरण नसते. रेबीजच्या विषाणूचे आवरण पेशीत शिरताना पेशीच्या पडद्यात मिसळून बाहेरच राहते, त्यामुळे आवरणाला चिकटलेली अँटीबॉडी विषाणूच्या गाभ्याबरोबर आत जात नाही. ट्रिम-२१ च्या भरवशावर भाच्याला सोडता येणार नव्हते. जे करायचे ते पेशीबाहेर, आजच, आणि पाचही जखमांत.

इतक्यात बाहेर आवाज चढला. पन्नाशीचे एक शेतकरी सिस्टरांशी हुज्जत घालत होते. त्यांना त्याच कुत्र्याने हाताला चावले होते, आणि सिस्टर त्यांना फक्त लस देत होत्या. ‘मले बी तोच कुत्रा चावना, मंग मले काब नही?’ लहान पोराला महागाचे औषध आणि आपल्याला साधे, असा त्यांचा समज झाला होता. सिरमचा तुटवडा असलेल्या ठिकाणी असा समज व्हावा यात नवल नाही. त्यांचे जुने कार्ड त्यांच्याच खिशात निघाले: दोन वर्षांपूर्वी कुत्रा चावला असता त्यांनी लसीचा पूर्ण क्रम घेतला होता. अशा माणसाला पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाच्या दोनच मात्रा पुरतात आणि सिरम द्यायचे नसते. त्यांच्या अंगात आधीच शिकलेल्या पेशी आहेत, त्या काही दिवसांतच भरपूर अँटीबॉडी तयार करतात, आणि त्या दांडीसकट असतात. मी त्यांना म्हटले, ‘काका, पोराला घोड्याचं उसनं दिलंय, तुमच्या घरात तुमचं स्वतःचं आहे.’ ते हसले नाहीत. पण हात पुढे केला.

संध्याकाळी वीज आली. मुलाच्या ओठाला दोन सैल टाके घातले. रेबीजच्या लसीच्या तारखा कार्डावर लिहिल्या आणि त्या आखाजीच्या गडबडीत चुकू नयेत म्हणून मामाच्या मोबाइलमध्ये सिस्टरांनी गजरही लावून दिले, कारण तिसरा दिवस सणानंतर दोनच दिवसांनी येत होता आणि पाहुण्यांच्या घरून रुग्ण हमखास चुकतो, हा आमचा नेहमीचा अनुभव.

तो चुकला नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी भाचा मामाबरोबर शेवटची मात्रा घ्यायला आला, ओठावर एक बारीक रेघ उरली होती आणि बोटांच्या नखांचा रंग चांगला होता. मामाने वाचून आणलेला प्रश्न विचारला: रक्तात आता अँटीबॉडी पुरेशी आहे का, हे तपासून घ्यावे का? मिलिलिटरला ०.५ युनिट ही पुरेशी पातळी धरली जाते, आणि ती मोजता येते. पण प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या, वेळेवर सगळ्या मात्रा घेतलेल्या मुलात तशी तपासणी आम्ही करत नाही. पहिल्या आठवड्यात केली असती तर तिच्यात घोड्याचे तुकडेही मोजले गेले असते आणि आकड्याला फारसा अर्थ राहिला नसता. आता ते तुकडे निघून गेलेले आहेत, जे सापडेल ते भाच्याचे स्वतःचे असेल. पुन्हा कधी चावा झाला तर फक्त दोन मात्रा, सिरम नाही, आणि हे ठरवायला हे कार्ड दाखवावे लागेल, तेव्हा ते जपून ठेवा, असे मी सांगितले. पावसाळ्यात घर गळते म्हणून मामाने कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून घेतला आणि एक प्रत आईच्या व्हॉट्सॲपवर तिथेच पाठवली.